उन्हात उभी राहिलेली मोटारहोम: दसऱ्याआधीची तयारी

मोटारहोमच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, देखभालीची परदेशी माहिती वाचायला घेतली की पहिला भाग सगळा थंडीचा असतो. पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून काय करायचं, बॅटरी घरात कधी आणायची वगैरे. सोलापुरात त्याचा काडीचा उपयोग नाही. आपली गाडी खराब होते ती एप्रिल-मे महिन्यात, जागेवर उभ्या-उभ्या. बाहेर ४२-४३ अंश असलं की बंद गाडीच्या आत पारा ६० च्या आसपास जातो. रबर कडक होतं, जोड बुजवणाऱ्या सीलंटला भेगा पडतात, बॅटरीतलं पाणी आटतं. मग जूनपासून दमट हवा, सप्टेंबरात जोराच्या सरी, आणि बारा महिने धूळ आणि बोअरचं जड पाणी. म्हणून इथल्या तयारीचा क्रम वेगळा लागतो. ऊन, धूळ, क्षार आणि उभं राहणं, या चार गोष्टींनी काय बिघडवलंय ते शोधणं म्हणजेच आपली तयारी.

आपला हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. खंडेनवमीला गाडीला हार घालायचा, त्याआधी काम आटोपलेलं असावं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू केलं तर घटस्थापनेपर्यंत सावकाश होतं. शेवटच्या दोन दिवसांत हे जमत नाही, कारण सीलंट वाळायला कोरडे दिवस लागतात, टाकी धुऊन मुरवावी लागते आणि एखादा पार्ट पुण्याहून मागवावा लागतो.

छप्पर सगळ्यात आधी

सप्टेंबरच्या पावसात गळती स्वतःहून दिसते. ऑक्टोबरात ती लपते आणि थेट पुढच्या जूनमध्ये फुगलेल्या प्लायवूडच्या रूपात भेटते. म्हणून छप्पर आधी.

पाणी शिरतं ते छपराच्या सपाट भागातून नाही, भोकांतून शिरतं: एसीच्या चौकटीच्या कडा, व्हेंटची खिडकी, सोलर पॅनेलच्या पायांचे स्क्रू, वायर आत जाते तिथलं ग्लँड, म्हणजे वायरीभोवतीचं घट्ट बूच. या प्रत्येक जागी सीलंटवर नख दाबून बघा. नख रुतलं आणि सीलंट परत वर आलं तर जिवंत आहे. नखाखाली भुगा निघाला किंवा कडेला केसाएवढी रेघ दिसली तर ते उन्हाने मेलंय. पत्रा किंवा फायबर दुपारी प्रसरण पावतं, रात्री आकसतं, आणि कडक झालेलं सीलंट त्याच्याबरोबर ताणलं जात नाही. भेग तिथूनच पडते.

शंका असेल तर पाइपाने पाण्याची चाचणी घ्या. एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण बाहेर. पाणी खालून वर मारत जायचं, प्रत्येक जोडावर पाचेक मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच ओलं होतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. आणि एक लक्षात ठेवा: थेंब जिथे पडतो तिथे भोक नसतं. पाणी आतल्या चौकटीच्या पट्टीवरून दोन-तीन फूट सरकून मग खाली येतं. ओल दिसली की गाडी ज्या बाजूला चढावर उभी आहे त्या बाजूने मागे शोधत जा.

दुरुस्तीत जुनं सीलंट पूर्ण काढणं हे निम्मं काम आहे. प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने फायबरला ओरखडे पडतात. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा आणि पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा. साधं सिलिकॉन लावू नका. ते स्वस्त पडतं, पण एकदा लागलं की पुढच्या वेळी त्याच्यावर दुसरं काही चिकटत नाही, आणि त्याचा अंश खरवडून काढता काढता नाकी नऊ येतात. काम सकाळी सात ते नऊच्या दरम्यान करा. दुपारी पत्रा तापलेला असतो, सीलंटखाली हवा फुगते आणि बुडबुडे राहतात. पीयू हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, दिवसाला साधारण ३ मिमी. जाड थर दिला असेल तर तीन दिवस गाडी हलवू नका.

वर चढलाच आहात तर सोलर पॅनेलही धुऊन घ्या. सूर्य वर येण्याआधी, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी वापरलं तर लगेच कोरडं पुसा, नाहीतर क्षाराचे पांढरे डाग राहतात आणि ते धुळीपेक्षा चिवट असतात.

वजनकाट्यावर एक फेरी

टायरचा विचार वजनापासून सुरू होतो, आणि वजन अंदाजाने कळत नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळे वजनकाट्यांची वाण नाही. गाळप सुरू होऊन उसाच्या गाड्यांची रांग लागण्याआधी जा. पाण्याची टाकी भरलेली, डिझेल भरलेलं, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि जाणारी सगळी माणसं गाडीत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. हे आकडे कंपनीच्या पट्टीवर दिलेल्या प्रत्येक अॅक्सलच्या, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आसाच्या, मर्यादेशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अॅक्सल मर्यादेबाहेर, हा प्रकार घरी बनवून घेतलेल्या गाड्यांत नेहमी दिसतो.

त्याचं कारण साधं आहे. पाणी, बॅटऱ्या, मागची डिकी हे सगळं मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं असतं. समजा १२० लिटरची टाकी, म्हणजे १२० किलो, मागच्या अॅक्सलच्या एक मीटर मागे आहे आणि दोन अॅक्सलमधलं अंतर ४ मीटर आहे. तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर १२० नाही, १५० किलो येतात, आणि पुढचा अॅक्सल ३० किलोने हलका होतो. पुढचं चाक हलकं म्हणजे स्टिअरिंग हलकं, आणि ओल्या रस्त्यावर ते जाणवतं. जड सामान दोन अॅक्सलच्या मध्ये आणि जमिनीलगत आणा. जिथे पाणी सहज मिळतं अशा वाटेवर टाकी पूर्ण भरून न्यायची गरज नाही.

टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मोटारहोमचे टायर झिजून बाद होत नाहीत, वयाने होतात. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर चाललेल्या टायरची नक्षी नव्यासारखी दिसते, पण भिंतीवर उन्हाच्या बारीक भेगा असतात. सहा वर्षं झाली की नक्षी बघत बसू नका, बदला. नक्षीची कायद्यातली किमान खोली १.६ मिमी आहे. ओल्या रस्त्याचा विचार केला तर आम्ही ३ मिमीलाच टायर बाद धरतो. स्टेपनीही याच नियमाने तपासा. ती गाडीखाली लटकलेली असते, चिखल खाते आणि लागेल त्या दिवशी तिच्यात हवा नसते.

हवा सकाळी, टायर थंड असताना, कंपनीच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. ६० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी वाढलं की दाब सुमारे अडीच पीएसआयने वाढतो. दुपारी हायवेवर थांबून दाब जास्त दिसला म्हणून हवा काढली तर रात्री टायर कमी हवेवर चालतो. कमी हवेचा टायर भिंतीत जास्त वाकतो, वाकल्याने तापतो आणि तापून फुटतो. उन्हाळ्यात हायवेवर पडलेले टायरचे तुकडे बघा, फार करून हीच गोष्ट घडलेली असते.

ब्रेक: सपाट रस्ता खोड दाखवत नाही

सोलापूरहून पुणे, हैदराबाद किंवा विजयपूर, कुठेही निघा, रस्ता बराचसा सपाट. ब्रेक हलकेच लागतात आणि सगळं ठीक वाटतं. कोल्हापूरमार्गे कोकणात उतरायचं म्हटलं की आंबा घाट किंवा गगनबावड्याचा घाट समोर येतो, आणि साडेतीन-चार टनांची गाडी पहिल्यांदा खरा ब्रेक मागते.

इथे दगा देतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे ही मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबल्यावर कॅलिपर, म्हणजे चाकापाशी ब्रेक दाबणारा भाग, एवढा तापणं अवघड नाही. ऑइल उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल भसकन खाली जातं. गाडी थोडीच चालली म्हणून ऑइल चांगलं राहत नाही, ओलावा उभ्या गाडीतही मुरतो. दोन वर्षं झाली की किलोमीटर न मोजता बदला. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

पावसाळाभर उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला असेल तर लायनर ड्रमला चिकटतो. पुढे-मागे हळू हलवून सुटला तरी एकदा ड्रम उघडून बघून घ्या. पुढच्या वेळी गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांखाली लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा.

खाली वाकलाच आहात तर पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बघा. पाट्याचं एखादं पान तुटलेलं असलं तर तिथे गंजाची ताजी, तांबूस रेघ दिसते आणि गाडी त्या बाजूला किंचित कललेली असते. यू-बोल्ट आवळून घ्या, ग्रीसच्या निपलमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं मारा.

इंजिन

ऑइल आणि फिल्टर किलोमीटर भरले नसले तरी वर्षाला बदला. हे गॅरेजवाला करतोच, त्यात फार सांगण्यासारखं नाही. उभ्या गाडीचे म्हणून तीन मुद्दे मात्र आहेत.

पहिला, डिझेलमधलं पाणी. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत उभी राहिली की आतल्या भिंतींवर दव धरतं. डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी काढायचा नॉब असतो. पारदर्शक बाटली लावून तो उघडा आणि बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी असेल तर तळाशी स्वच्छ थर दिसतो, वर डिझेल. पाणी संपेपर्यंत काढा. गाडी उभी करताना टाकी भरून ठेवली तर हा त्रास कमी होतो.

दुसरा, डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठीचं युरियाचं द्रावण, लागणाऱ्या बीएस-६ गाड्यांचा. हे द्रावण उष्णतेने खराब होतं. ३० अंशांत ते सुमारे वर्षभर टिकतं, ३५ अंशांत सहा महिने. आपल्या उन्हाळ्यातून गेलेली कॅनमधली शिल्लक पुढच्या हंगामाला वापरू नका. टोपीभोवती पांढरे खडे जमले असतील तर कोमट पाण्याने धुवा, आत पडू देऊ नका.

तिसरा, रेडिएटर. धूळ, काडीकचरा आणि किडे त्याच्या पातळ पत्र्यांच्या पंखांमध्ये बसतात. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, आणि प्रेशर गन दूर ठेवा, नाहीतर पंख आडवे होतात. ऑक्टोबर हीटमध्ये एसी लावून चढ चढताना तापमानाचा काटा वर गेला तर आधी रेडिएटरकडे बघा, मग थर्मोस्टॅटकडे. कूलंटमध्ये नळाचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

बॅटरी आणि वायरी

गाडी रात्रभर उभी करून, चार्जर आणि सोलर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. लेड-अॅसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. निम्म्याच्या खाली महिनोन्महिने राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचे कडक खडे धरतात. ती चार्ज झाल्यासारखी दाखवते आणि रात्री दोन तासांत बसते. इंजिन चालू केल्यावर टर्मिनलवर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. नवीन गाड्यांत अल्टरनेटर संगणकाच्या हुकमाने वर-खाली होतो, तिथे थोडा फरक चालतो.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत बसवलेली असेल तर पाणी बघा. उन्हाळ्यानंतर प्रत्येक कप्प्याचा तरंगता गेज खाली गेलेला असतो. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, आणि तेही पूर्ण चार्ज केल्यावर. आधी भरलं तर चार्ज होताना उतू जातं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे बॅटरीच्या पेटीला बाहेर उघडणारी नळी हवीच, आणि ती मोकळी आहे का ते फुंकून बघा. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वाळल्यावर आवळून वर पेट्रोलियम जेली लावा.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं आपल्याकडचं दुखणं उष्णता. साठवताना ती ५०-६० टक्क्यांवर ठेवा, पूर्ण भरून मेच्या उन्हात सोडू नका. सेलचं तापमान ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करू नका. सीटखालच्या बंद खणात बसवली असेल तर हवेला वाट ठेवा. आणि अल्टरनेटरला थेट जोडू नका. लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते, अल्टरनेटर पूर्ण ताकदीने तासन्तास चालून जळतो. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा.

आता ज्या एका नटाकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं तो. इन्व्हर्टरवर १५०० वॉटची इंडक्शन शेगडी लावली की १२ व्होल्टच्या बाजूने सुमारे १४० अँपिअर वाहतात. बॅटरीवरचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, रस्त्याच्या धक्क्यांनी किंचित सैल झाला, आणि तिथे फक्त ५ मिलिओहमचा अडथळा तयार झाला असं धरा. १४० चा वर्ग गुणिले ०.००५ म्हणजे ९८ वॉट. सोल्डरिंगच्या साध्या आयर्नच्या टोकाला ज्याच्या निम्मीही उष्णता नसते, तेवढी त्या एका नटापाशी साठते. आधी वायरचं आवरण तपकिरी होतं, मग वास येतो, मग पेटतं. फ्यूज उडत नाही, कारण करंट त्याच्या मर्यादेतच असतो. म्हणून हंगामाआधी सगळे जाड वायरींचे नट पान्याने आवळायचे, आणि शेगडी दहा मिनिटं चालवून, बंद करून, प्रत्येक लगला हाताची पाठ लावून बघायची. कोमट चालेल. हात मागे घ्यावा लागला तर तो जोड उघडून, घासून, नवा लग दाबून घ्या.

पावसाळ्यात उंदीर गाडीत शिरतात, विशेषतः शेतालगत उभी असेल तर. फ्लोअरमधून जिथे पाइप आणि वायरी वर येतात त्या भोकांत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सीलंट भरा. उंदीर ती कुरतडत नाहीत. बॅटरीच्या आसपास मात्र तार वापरू नका, शॉर्ट होईल. कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून ठेवू नका, तेवढा तुकडा बदला.

बाहेरून वीज घेता तिथल्या आरसीसीबीचं (वीज गळली की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते बघा. एक्स्टेन्शनची रीळ असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता कोंडते आणि आतल्या वेढ्यांचं आवरण वितळतं.

पाणी: आधी क्षार, मग क्लोरीन

हे दोन वेगळे दिवस. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी वायू होतो, बंद गाडीत तो जीवघेणा ठरू शकतो. एक काम पूर्ण धुऊन झाल्याशिवाय दुसरं सुरू करू नका.

बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. कॉइल त्या थराच्या आत तापत राहते, पाण्याला उष्णता कमी मिळते, आणि एक दिवस कॉइल जळते. १० लिटरच्या गिझरला २५० ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजेच लिंबाचं फूल, पाण्यात विरघळवून भरा. तीन-चार तास ठेवून काढा, दोनदा धुवा. निघणारं पाणी गढूळ आणि चुनखडीचे कण घेऊन येतं. गिझरची टाकी अॅल्युमिनियमची असेल तर आधी कंपनीची पुस्तिका बघा. आत मॅग्नेशियमची कांडी असेल आणि ती निम्म्याहून जास्त झिजली असेल तर बदला, ती टाकीऐवजी स्वतः गंजते म्हणून टाकी टिकते. शॉवरची जाळीही त्याच पाण्यात रात्रभर बुडवा.

दुसऱ्या दिवशी टाकी. कार्बन फिल्टर काढून ठेवा, नाहीतर तो क्लोरीन शोषून निकामी होईल. १०० लिटर पाण्याला १५ ग्रॅम ताजी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून. पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन धरलं तर लिटरला ५० मिलिग्रॅम होतं. पावडर थेट टाकीत ओतू नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळी तेवढी टाकीत घाला. गाळ गेला तर पंपाची जाळी तुंबते. टीसीएलऐवजी ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट असेल तर १०० लिटरला १०० मिली. मग प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि चार तास तसंच राहू द्या. नंतर दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवा. उघडी राहिलेली जुनी पावडर वापरू नका, तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो.

शेवटची भरणी नळाच्या पाण्याने करा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा निघायचा दिवस आणि पाण्याची पाळी यांचा मेळ आधीच घाला. पिण्यासाठी २० लिटरचा जार वेगळा ठेवा.

पंपाची परीक्षा कानाने होते. सगळे नळ बंद करा, पंपाचं बटण चालू करा, दाब भरला की तो थांबेल. आता गाडीत शांत बसा. वीस मिनिटं आवाज नाही म्हणजे सगळे जोड धड आहेत. दर दोन-तीन मिनिटांनी ‘टर्र’ असा छोटा आवाज आला तर कुठेतरी दाब निसटतोय. कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडावर फिरवा, ज्याच्याखाली ओला होईल तो जोड. कुठेच ओलं नसेल तर पंपाच्या आतला एकमार्गी व्हॉल्व्ह क्षाराने अडकलेला आहे आणि पाणी मागे टाकीत परततंय. पंप चालतो पण पाणी येत नाही, असं असेल तर पंपाआधीच्या गाळणीचं झाकण तपासा. उन्हाने त्याचा रबरी वायसर कडक होतो आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढतो.

सिंकमधून कुबट वास येत असेल तर फार शोधू नका. खालच्या वाकड्या पाइपातलं पाणी उन्हाळ्यात आटून गेलेलं असतं, तांब्याभर पाणी ओता. टॉयलेटच्या सीलला सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेलीने त्यातलं रबर फुगतं. आणि मैल्याची टाकी संडासातच रिकामी करायची, ओढ्यात किंवा शेताच्या बांधावर कदापि नाही.

गॅस

१४.२ किलोची घरगुती टाकी गाडीत ठेवू नका. ती उंच आहे, जड आहे आणि ब्रेक लागल्यावर पट्टा तिला धरत नाही. ५ किलोची पुरते. टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असतं: ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. बी-२७ म्हणजे जून २०२७ पर्यंत तपासणी व्हायला हवी. मुदत गेलेली टाकी घेऊच नका. सुरक्षा नळीची मुदत घरात पाच वर्षं असते, पण गाडीत ती सतत हादरे खाते आणि उन्हात शिजते. आमच्या मते तीन वर्षं पुरे.

साबणाचा फेस ब्रशने प्रत्येक जोडावर लावा, व्हॉल्व्ह उघडा, बुडबुडा फुगतो का बघा. काडी ओढून तपासायचा विचारही करू नका. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून टाकीच्या खणाच्या तळाला भोक ठेवलेलं असतं. पावसाळ्यात कुंभारीण माशी नेमकं तेच भोक शोधते आणि मातीचं घर बांधून लिंपून टाकते. बाहेरून खालून बघा, तारेने मोकळं करा, बारीक जाळी लावा. शेगडीची ज्योत पिवळी आणि काजळी धरणारी असेल तर बर्नरच्या नळीतही त्या माशीचीच माती असण्याची शक्यता मोठी. गॅसचा अलार्म जमिनीपासून वीतभर उंचीवर हवा, आणि सेन्सरवर लिहिलेली मुदत संपली असेल तर बटण दाबून आवाज येतो म्हणून तो चालतोय असं समजू नका. बटण फक्त भोंगा तपासतं.

पावडरची अग्निशामक नळकांडी काढून उलटी-सुलटी हलवा, हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. काटा हिरव्यात हवा.

निघण्याआधीची एक रात्र

विमा, पीयूसी, फास्टॅग यांच्या तारखा बघा. गाडीत केलेले बदल आरसीवर आणि विम्याच्या कागदावर आहेत का तेही, नाहीतर दाव्याच्या वेळी अडतं. एसीसकट गाडीची उंची मोजून मीटरमध्ये डॅशबोर्डवर चिकटवा, रेल्वेच्या भुयारी पुलापाशी गाडी मागे घेण्यापेक्षा ते बरं.

मग लांबच्या दौऱ्याआधी एक रात्र जवळपास काढा. हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग सुमारे ५० किलोमीटर, अक्कलकोट त्याहून थोडं जवळ. पाहुण्यांच्या शेतात गाडी लावायला जागा असेल तर उत्तम. कोजागिरीच्या आगेमागे तुळजापूरचा रस्ता मात्र टाळा, तो चालत जाणाऱ्या भाविकांचा असतो. अंधारात परतायचंही टाळा, गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय उभ्या असतात.

फ्रिज आदल्या रात्री घरच्या विजेवर गार करून घ्या. मुक्कामी बाहेरची वीज घेऊ नका. ४५ वॉटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर दहा तासांत २२५ वॉट-तास, पंखा २५ वॉटचा आठ तास म्हणजे २००, दिवे आणि पंप मिळून ५०. एकूण पावणेपाचशे. १०० अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत १२८० वॉट-तास असतात, १५० च्या ट्यूब्युलरमध्ये १८०० पैकी निम्मेच वापरायचे. म्हणजे दोन्ही पुरायला हव्यात. रात्री दहाला आणि पहाटे सहाला व्होल्ट लिहून ठेवा. पहाटे सगळं बंद करून अर्ध्या तासाने बघितल्यावर ट्यूब्युलर १२.४ च्या आसपास आणि लिथियम १३.१ च्या वर हवी. आकडा त्याहून बराच खाली असेल तर बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा एखादी वायर चोरून करंट खातेय. सगळं बंद असताना बॅटरीच्या मायनसला क्लँप मीटर लावून बघा, एक-दोन अँपिअर दाखवत असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडेल, ती वाट तपासा.

घरी आल्यावर चाकं गार होऊ द्या आणि चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने बघा. टायर काढून बसवले असतील तर पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये ते थोडे सैल होतातच.